डॉक्टर उपासनी इंडोनेशियन शिकतात

मी डॉक्टर उपासनींच्या मुलीच्या वयाची होते, तरी त्यांनी मला कधी 'अगं' म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'साठेबाई' होते आणि 'तुम्ही' होते. लंडनमधल्या एका कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या अर्ध्याच उघडणाऱ्या खोलीत, आठ आठवडे आम्ही शेजारी शेजारी बसून इंडोनेशियन शिकलो. त्या आठ आठवड्यांत मला ते आवडले असं म्हणता येणार नाही. पण त्यानंतर भेटलेली कितीतरी आवडती माणसं मी विसरले, आणि ते मात्र विसरले जात नाहीत.

दोन हजार तीनचा उन्हाळा होता. रीडिंगच्या आमच्या ऑफिसला जकार्तामधल्या एका बँकेचं काम मिळालं होतं आणि दोन वर्षांसाठी मला पाठवायचं ठरलं होतं. जाण्याआधी भाषा शिकून घ्या म्हणून कंपनीनेच मला या समर कोर्सला घातलं. सोमवार ते शुक्रवार, दहा ते चार, आणि दर शुक्रवारी टेस्ट. मी आठवडाभर ईलिंगला मामेबहिणीकडे राहायचे आणि वीकेंडला रीडिंगला जायचे. वर्गात आम्ही सातजण. पाच विशीतले, मी बत्तीस वर्षांची, आणि डॉक्टर अडुसष्ट.

ते साउथहॅम्प्टनला राहायचे. तिथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम करून रिटायर झालेले. मूळचे नागपूरचे. रोज पहाटेची ट्रेन पकडून वॉटर्लूला यायचे आणि तिथून चालत कॉलेजला. साडेनऊला खोली उघडायच्या आधीच दाराशी उभे. त्या वर्षी लंडनमध्ये एवढं उकडत होतं की पोरं शॉर्ट्स घालून यायची. डॉक्टर सुटात आणि टायमध्ये. शाईचं पेन. हॉस्पिटलातली जुनी कोरी कार्डं रबरबँडने बांधून आणलेली, त्यावर रोज पन्नास शब्द. दुसऱ्या कुणी वाक्य चुकवलं की ते नुसतं "हं" म्हणायचे. तेवढं पुरायचं. तिसऱ्या आठवड्यात वर्गातली एक मुलगी त्यांच्या 'हं'मुळे बाथरूममध्ये जाऊन रडली. मी त्यांना तसं सांगितलं.

"चूक होती की नव्हती?" त्यांनी विचारलं.

"होती, पण..."

"मग रडू दे. मी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढली, साठेबाई. तिथे 'पण' नसतं."

आम्हाला शिकवायला इबू वुलान होत्या. 'इबू' म्हणजे बाई, आणि आईसुद्धा. पूर्व जावाच्या, चाळिशी उलटलेल्या, ठेंगण्या आणि हसऱ्या. दर उन्हाळ्यापुरतं त्यांना हे काम मिळायचं, एरवी खाजगी ट्यूशन्स. शुक्रवारी टेस्ट झाली की त्या घरून तळलेली केळी आणायच्या. डॉक्टर ती कधी घ्यायचे नाहीत. स्वतःचं चीज सँडविच काढून, पाठ वळवून खायचे. टेस्टमध्ये शंभरपैकी शहाण्णव पडले तर चार मार्कांसाठी इबूंशी अर्धा तास वाद घालायचे. त्यांचं म्हणणं बहुतेकदा बरोबर असायचं, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

पहिल्याच दिवशी इबूंनी प्रत्येकाला विचारलं होतं, का शिकायचंय? कुणी रिसर्च म्हणालं, कुणी सर्फिंग. डॉक्टर म्हणाले, "पर्सनल." आणि पेनचं टोपण लावलं.

ते पर्सनल काय आहे हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात कळलं, आणि तेही एका सर्वनामामुळे. इंडोनेशियनमध्ये 'तुम्ही' म्हणायला 'आन्दा' असा एक शब्द आहे, पण तो फॉर्मल. बँकेत, जाहिरातीत, अनोळखी माणसाशी. घरात माणसं एकमेकांना नात्याने किंवा नावाने हाक मारतात. इबूंनी फोनवरचा संवाद लिहून आणायला सांगितला. डॉक्टरांनी वाचला: "नमस्कार. आन्दा कशा आहात? आन्दांचा अभ्यास कसा चाललाय?"

"कुणाशी बोलताय?" इबूंनी विचारलं.

"नातीशी. सात वर्षांची आहे."

पोरं हसली. इबू पण हसल्या, पण प्रेमाने. "डॉक्टर, लहान मुलीला आन्दा म्हटलं तर तिला वाटेल बँकेतून फोन आलाय. तिला नावाने हाक मारा. नाव काय?"

"सकार."

"सुंदर नाव आहे. फूल."

"मला माहीत आहे अर्थ," डॉक्टर म्हणाले. "आणि मी आन्दाच म्हणेन. चुकलोच तर सभ्यपणाच्या बाजूला चुकेन."

चौथ्या आठवड्यात त्यांना एक नवा छंद लागला. इंडोनेशियनमध्ये संस्कृतातून गेलेले शब्द खूप आहेत: भाषेला बहासा, पत्नीला इस्त्री, पतीला सुआमी, दुःखाला दुका, पापाला दोसा. त्यांनी दोन पानांची यादी केली आणि वर्गात वाचून दाखवायची परवानगी मागितली. वाचून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे हे मूळ आमचे."

इबू म्हणाल्या, "हजार वर्षं एखाद्या घरात राहिलं की माणूस त्या घरचाच होतो."

डॉक्टरांनी यादीची घडी घातली. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना म्हटलं, "तुमच्या यादीत खबर नाही, खुर्ची नाही. ते पण शब्द आहेत की त्यांच्याकडे. आणि माफ. तो तर जसाच्या तसा."

"तो आपला नाही. बाहेरून आलाय."

"मग आपला कुठला?"

"क्षमा," ते म्हणाले. "आणि ती मोठ्यांनी करायची असते. मागायची नसते."

असा माणूस होता. पण संध्याकाळी वर्ग सुटला की मी त्यांच्याबरोबर वॉटर्लूपर्यंत चालत जायला लागले होते. ईलिंगला जायचा तो रस्ताच नव्हे. का जायचे ते मलाही नीट सांगता येणार नाही. एक कारण म्हणजे मराठी. मामेबहिणीच्या घरी मुलं इंग्लिशच बोलायची, आणि डॉक्टरांचं मराठी चाळीस वर्षांपूर्वीचं, स्वच्छ, इंग्लिश शब्द गरजेपुरतेच घेणारं. दुसरं कारण, त्यांच्याबरोबर चालणारं दुसरं कुणी नव्हतं.

हळूहळू तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मुलगी केतकी, साउथहॅम्प्टनलाच जन्मलेली, एकुलती एक. कॉलेज संपल्यावर वर्षभरासाठी म्हणून मालांगला इंग्लिश शिकवायला गेली. मालांग हे पूर्व जावातलं डोंगरावरचं थंड गाव. तिथल्या शाळेतल्या आगुस नावाच्या व्यायामशिक्षकाशी तिने लग्न केलं आणि त्याचा धर्म घेतला. डॉक्टरांनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, या घरी यायचं नाही. ती आली नाही. उपासनीबाई होत्या तोवर दर रविवारी मुलीला फोन करायच्या, आणि डॉक्टर त्या वेळी बागेत जाऊन उभे राहायचे. पावसात सुद्धा. मग बाई गेल्या आणि फोन थांबले. दोन वर्षांनी केतकीचं पत्र आलं. तिला कॅन्सर झाला होता.

"मग तुम्ही गेलात?" मी विचारलं. आम्ही पुलावर होतो. खाली नदी अगदी आटल्यासारखी दिसत होती, कडेचा चिखल उघडा पडला होता.

"मी उत्तर पाठवलं. दोन पानं. कुठल्या टेस्ट करायच्या, सिंगापूरला कुठलं हॉस्पिटल, कुणाचं नाव सांगायचं, कुठली औषधं घ्यायची नाहीत. पूर्ण दोन पानं."

"आणि?"

"आणि काय?"

"म्हणजे... तिच्याबद्दल काही लिहिलंत का?"

ते थांबले. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी क्रियापद चुकवलंय.

"तिच्याबद्दलच होती दोन पानं," ते म्हणाले.

आठ महिन्यांनी केतकी गेल्याची, तारेसारखी तीन ओळींची ईमेल आगुसकडून आली. इंग्लिश त्याला तेवढंच येत होतं.

सहाव्या आठवड्यात आम्हाला प्रत्येकाला एक भाषण तयार करायचं होतं, समोरच्याला एखादी गोष्ट पटवून देण्याचं. डॉक्टरांनी माझी मदत मागितली. मागितली म्हणजे, एका शाळेचं माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "यातले पारिभाषिक शब्द तुम्हाला ऑफिसमुळे माहीत असतील." तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते बसून इंडोनेशियनमध्ये उतरवलं. स्कॉलरशिप, वसतिगृह, पालकत्व. 'पालकत्व' हा शब्द आला तेव्हा मला अर्धंमुर्धं कळलं होतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, एवढा जीव तोडून शिकतोय, आपण कोण विचारणार.

भाषण बारा मिनिटांचं झालं, कागदाकडे न बघता. "आदरणीय आई" अशी सुरुवात. म्हणजे आगुसच्या आईला, सकारच्या आजीला. सकारची आई ब्रिटिश नागरिक होती, त्यामुळे सकारला ब्रिटनमध्ये राहायचा कायद्याने हक्क आहे. साउथहॅम्प्टनला चांगल्या शाळा आहेत. घरात तिच्यासाठी खोली आहे, बाग आहे. आगुसचं वय लहान आहे, तो पुन्हा लग्न करील, आणि मुलगी सावत्र आईच्या हाती जाईल. एकही चूक नव्हती. शेवटचं वाक्य तर असं बांधलं होतं की कुणाला नाही म्हणायला जागाच राहू नये.

इबू वुलान समोर आजी बनून बसल्या होत्या. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग आजीच्याच आवाजात विचारलं, "सकारला काय आवडतं?"

डॉक्टर म्हणाले, "हा प्रश्न एक्सरसाइजमध्ये नाही."

"एक्सरसाइजमध्ये मी तिची आजी आहे. मी मला हवं ते विचारीन. तिला काय आवडतं?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज तसाच कोरडा. "माहीत नाही म्हणूनच ती मला इथे हवी आहे."

इबूंनी कागदावर पूर्ण मार्क लिहिले आणि त्यांच्याकडे न बघता तो पुढे सरकवला. वर्ग सुटल्यावर मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तू त्यांना ते शब्द शोधून दिलेस. कशासाठी हवेत हे विचारायचं होतंस." मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांना दिसत होतं मला माहीत होतं ते.

त्या वर्षी डॉक्टर कोर्समध्ये पहिले आले. ऑक्टोबरात मी जकार्ताला गेले आणि नोव्हेंबरात ते मालांगला. परतताना त्यांना जकार्ताच्या एअरपोर्टवर सहा तास काढायचे होते, तेव्हा त्यांनी मला ऑफिसात फोन केला. मी सुट्टी टाकून गेले. ते त्याच सुटात, पाठ ताठ, कॉफीचा कप समोर आणि एकच बॅग पायाशी. जाताना दोन नेल्या होत्या, हे मला त्यांनी फोनवर सांगितलं होतं. दुसरीत सकारसाठी कोट होता, बूट होते, थंडीचे कपडे.

"ती बॅग?" मी विचारलं.

"ठेवून आलो. कुणाला तरी होतील."

मग त्यांनी हकीकत सांगितली, केस हिस्टरी सांगावी तशी. पाच दिवस राहिले. माणसं चांगली. रोज त्यांच्यासाठी वेगळा, बिनमांसाचा स्वयंपाक. केतकीची कबर स्वच्छ ठेवलेली. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत सगळे जमले आणि डॉक्टरांनी ते भाषण केलं. आगुस खाली बघून रडला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं, आभार मानले, आणि म्हणाली, विचार करू, नंतर बघू.

"म्हणजे नाही," ते म्हणाले. "ते लोक नाहीला नाही म्हणत नाहीत. इतकं मला कळतं."

"आणि सकार?"

"दारात बसली होती. सगळं ऐकत होती. मग तिने विचारलं, 'काकेक, मामा आजारी होती तेव्हा तुम्ही का आला नाहीत?' तिकडे आजोबांना काकेक म्हणतात. आईला मामा."

शेजारच्या टेबलावरचा माणूस नूडल्स खात होता, डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले.

"माझ्याकडे दोन उत्तरं होती," ते म्हणाले. "दोन्ही व्याकरणाने शुद्ध."

"मग?"

"मी म्हटलं, आन्दांची शाळा कशी चाललीय."

"आणि ती?"

"ती आजीकडे वळली आणि काहीतरी बोलली. सगळे गप्प झाले. मला ते कळलं नाही, कारण ती जावानीजमध्ये बोलली. घरात सगळे तीच भाषा बोलतात. पाच दिवस ते इंडोनेशियन बोलत होते ते फक्त माझ्यासाठी. पाहुण्यासाठी." त्यांनी कप बशीत ठेवला. "हे वर्गातल्या त्या बाईंना माहीत होतं. त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. माझे आठ आठवडे फुकट घालवले. मी कॉलेजला लेखी कळवणार आहे."

इबू वुलाननी ते सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात, फळ्यावर जावाचा नकाशा काढून सांगितलं होतं की इंडोनेशियन ही शाळेची, ऑफिसची, सगळ्यांना जोडणारी भाषा. घरात प्रत्येकाची वेगळी. डॉक्टरांनी ते शाईच्या पेनने लिहूनही घेतलं होतं. मी शेजारीच बसले होते.

"त्यांनी सांगितलं होतं, डॉक्टर," मी म्हटलं.

"नाही."

"पहिल्या आठवड्यात. तुम्ही लिहून घेतलं होतं."

"हं," ते म्हणाले, आणि उठून चेक-इनच्या रांगेत उभे राहायला गेले. फ्लाइटला अजून तीन तास होते.

पत्र त्यांनी खरोखर पाठवलं. पुढच्या वर्षी इबू वुलानची मला ईमेल आली की या उन्हाळ्यात कॉलेजने त्यांना बोलावलं नाही. एक तक्रार होती म्हणे, आणि विद्यार्थीही कमी झाले होते. नक्की कशामुळे ते त्यांना कुणी सांगितलं नाही. माझ्याबद्दल विचारपूस करून शेवटी लिहिलं होतं, डॉक्टरांची नात कशी आहे. मी कॉलेजला चार ओळी लिहायला हव्या होत्या. तारीख, नकाशा, फळा, सगळं मला आठवत होतं. मी लिहिल्या नाहीत. काम होतं, डेडलाइन होती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. इबूंनाही उत्तर उशिराच दिलं, आणि त्यात डॉक्टरांचा विषय टाळला.

दोन हजार सहाच्या दिवाळीत मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी रीडिंगला परत आले होते, आणि तिथल्या मराठी मंडळींनी एका शाळेचा हॉल घेऊन फराळ ठेवला होता. साउथहॅम्प्टनहून दोन-तीन डॉक्टर कुटुंबं आली होती, त्यांच्याबरोबर उपासनी. वाळले होते, पण टाय तसाच. चार-पाच बायका त्यांच्याभोवती खुर्च्या घेऊन बसल्या होत्या, आणि ते सांगत होते की नात पुढच्या सप्टेंबरला येतेय, शाळा ठरलीय, खोलीला रंग दिलाय.

त्या बायकांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हा सप्टेंबर त्यांनी आधीही ऐकलाय. त्यांच्यातली एक मला ओळखत होती. ती वळून म्हणाली, "अगं, तू तर दोन वर्षं इंडोनेशियात होतीस ना? डॉक्टरांच्या नातीला भेटलीस की नाही मग?" विचारायची पद्धत साधी होती, पण बाकीच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

चकलीचा तुकडा डॉक्टरांच्या हातातच राहिला.

"भेटले ना," मी म्हटलं. "गोड आहे. चांगली उंच झालीय."

बायका "हो का?" म्हणाल्या आणि विषय निघून गेला. मी चहा आणायला उठले. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. तीन वर्षांनी का होईना, या माणसासाठी काहीतरी केलं असं वाटत होतं.

निघताना मी कोट घालून बाहेर आले तर ते कारपार्कात माझी वाट बघत उभे होते. बारीक पाऊस होता आणि छत्री त्यांनी उघडली नव्हती. मला बघून दोन पावलं पुढे आले. एवढ्या घाईने चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही गेला होतात मालांगला?" त्यांनी विचारलं. "मला कळवलं नाहीत. केव्हा गेलात?"

मी बोलेपर्यंत त्यांनी आपला हात छातीच्या खाली, हवेत आडवा धरला.

"इथपर्यंत आली असेल, नाही? केतकी दहाव्या वर्षी एवढी होती."

त्यांचा चेहरा मी वर्गात आठ आठवडे शेजारून पाहिला होता. असा कधी पाहिला नव्हता. मी अजून एक खोटं वाक्य बोलले असते तरी चाललं असतं, आणि ते माझ्या ओठांवरही होतं. पण त्या हाताकडे बघत ते बोलवेना.

"मी गेले नव्हते, डॉक्टर," मी म्हटलं. "त्या बायका बघत होत्या म्हणून मी..."

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि खिशातून किल्ली काढली.

"मग बोललात कशाला?" ते म्हणाले.

गाडीत बसून त्यांनी आधी चष्मा बदलला, मग काच पुसली, मग पट्टा लावला. एक बाई बाबागाडी ढकलत आडवी जात होती, ती पूर्ण पलीकडे जाईपर्यंत थांबले. मी तिथेच उभी होते, गाडीपासून चार हातांवर. त्यांनी दोन्ही आरशांत बघितलं, आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.